छेदाचा विसर

शास्त्रविषयांच्या पाठ्यपुस्तकांत काही प्रकरणे अशी असतात की, परीक्षेपूर्वी ती सर्वांस भयप्रद वाटतात आणि परीक्षेनंतर कोणाच्याही स्मरणात राहत नाहीत. द्रावणाची संहती, म्हणजे द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण, एका एककातून दुसऱ्या एककात मांडणे हे त्यांपैकीच एक प्रकरण होय. शेकडा वजनी प्रमाण, लिटरमागे ग्रॅम, पी.पी.एम., मोलॅरिटी, मोलॅलिटी ही नावे फळ्यावर एकाखाली एक मांडली जातात, त्यांच्यामध्ये गुणाकार-भागाकाराची सूत्रे बसविली जातात, आणि विद्यार्थी ती सूत्रे पाढ्यांप्रमाणे घोकून उत्तरपत्रिकेत उतरवितात. गुण मिळतात, परंतु ज्ञान मिळते असे मात्र आम्हांस वाटत नाही.

आमचे मत असे आहे की, हे प्रकरण मूलतः सूत्रांचे नसून एका साध्या प्रश्नाचे आहे. तो प्रश्न म्हणजे, "कशाच्या किती भागात?" संहतीचा प्रत्येक आकडा हा अपूर्णांक असतो. अंशाच्या जागी विरघळलेला पदार्थ असतो व छेदाच्या जागी ज्यात तो विरघळला ते असते. अंश सर्वांच्या ध्यानी राहतो, छेदाचा विसर पडतो. आणि एककांच्या रूपांतरात ज्या चुका होतात, त्यांतील बहुतेक या विसरामुळेच होतात. समुद्राच्या काठी ज्यांचा जन्म गेला, खारे व गोडे यांचा भेद ज्यांस जिभेने कळतो, त्या आपल्या मुलांस तरी हा प्रश्न परका वाटू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम मिठाचेच उदाहरण घेऊ. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे हे गाव मिठागरांसाठी सर्वांस ठाऊक आहे. सन १९३० च्या मे महिन्यात तेथे झालेल्या मिठाच्या सत्याग्रहामुळे ते नाव इतिहासातही गेले. समुद्राचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हाने आटविणे एवढीच ही कृती दिसावयास सोपी आहे. पाणी आटत आटत अशा अवस्थेस येते की, त्यात आणखी मीठ विरघळून राहू शकत नाही, व मग मिठाचे कण तळाशी बसू लागतात. अशा अवस्थेतील पाण्यास आपण संपृक्त द्रावण म्हणतो. आता शुद्ध मिठाचे असे संपृक्त द्रावण, साधारण २५ अंश सेल्सियस तपमानाचे, आपल्यापुढे आहे असे समजा, व त्याची संहती किती ते विचारा.

पुस्तक सांगते, ३६. दुसरे पुस्तक सांगते, २६.५. तिसरे सांगते, ३१८. प्रयोगशाळेतील बाटलीवर ५.४ लिहिलेले आढळेल आणि वरच्या वर्गाच्या पुस्तकात ६.२ दिसेल. विद्यार्थी गोंधळून जातो व यांतील एकच आकडा खरा असावा अशी त्याची समजूत होते. वस्तुतः पाचही आकडे खरे आहेत व पाचही एकाच द्रावणाचे आहेत. त्यांचा छेद तेवढा निरनिराळा आहे.

१०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळते, हा पहिला आकडा. येथे छेद पाणी आहे. परंतु मीठ विरघळल्यावर सर्व द्रावणाचे वजन १३६ ग्रॅम झाले. त्या द्रावणाच्या १०० भागांत मीठ किती असे विचारले, तर ३६ ला १३६ ने भागून शंभराने गुणावे, म्हणजे सुमारे २६.५ येतात. येथे छेद द्रावण आहे. पुढे कोणी विचारील की, एक लिटर द्रावणात मीठ किती? आता वजनाकडून आकारमानाकडे जावयाचे आहे, आणि त्या वाटेवर घनता हा एकच पूल आहे. हे द्रावण पाण्याहून जड असते. त्याच्या एका लिटराचे वजन सुमारे १,२०० ग्रॅम भरते. त्यांपैकी सुमारे ३१८ ग्रॅम मीठ व सुमारे ८८२ ग्रॅम पाणी. मिठाचा एक मोल ५८.४४ ग्रॅमचा, म्हणून लिटरभर द्रावणात सुमारे ५.४ मोल झाले, ही मोलॅरिटी. आणि एक किलोग्रॅम पाण्यामागे ३६० ग्रॅम मीठ, म्हणजे सुमारे ६.२ मोल, ही मोलॅलिटी.

आमच्या वर्गांत पुष्कळ वेळा असे दिसून येते की, १०० ग्रॅमला ३६ तर लिटरला ३६०, असा त्रैराशिकाचा हिशेब मुले क्षणात करून मोकळी होतात. त्रैराशिक बरोबर आहे. छेद मात्र मधल्या मध्ये बदलला आहे. एक लिटर पाणी निराळे आणि एक लिटर द्रावण निराळे. या एका गफलतीने लिटरमागे ४२ ग्रॅम मिठाचा फरक पडतो. जो विद्यार्थी "कशाच्या?" असे विचारील, तो येथे थांबेल, जो सूत्र आठवीत बसेल, त्यास चुकीचे सूत्रही तितक्याच सहजतेने आठवेल.

याच मुद्द्याचा आणखी एक गमतीदार पुरावा समुद्राने ठेवला आहे. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सर्व मिळून सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी गोड्या पाण्याहून शेकडा अडीचच्या आसपास जड असल्याने एका लिटरात ते सुमारे ३६ ग्रॅम होतात. म्हणजे किनाऱ्यावरील लाट ३६ आणि मिठागराच्या शेवटच्या वाफ्यातील मीठ टाकू लागलेले पाणीही ३६! पहिले लिटरभर द्रावणामागे आहे, दुसरे १०० ग्रॅम पाण्यामागे. मिठागराचा सर्व खटाटोप, उन्हाळ्याचे सारे महिने व मजुरांचा घाम या दोन छत्तिसांच्या मध्ये सामावला आहे, आणि एकक खोडून टाकले तर तो कागदावर दिसतच नाही.

मोठ्या मिठागरांवर पाण्यात एक काचेची नळी तरंगत सोडून तिच्यावरील अंश वाचतात. ही नळी फ्रान्समधील औषधशास्त्रज्ञ आंत्वान बोमे याने १७६८ साली प्रचारात आणली. शुद्ध पाण्यात ती जेथवर बुडे तेथे त्याने शून्याची खूण केली, आणि वजनाने शेकडा १५ भाग मीठ असलेल्या द्रावणात जेथवर बुडे तेथे १५ ची. समुद्राचे पाणी या मापाने सुमारे साडेतीन अंश भरते. मीठ पडू लागते ते पंचविसाच्या सुमारास. नळी मीठ मोजीत नाही, घनता दाखविते. आणि घनतेवरून मिठाचे प्रमाण ओळखावयाचे असते. अर्थात, एककांचे रूपांतर परीक्षकांनी मुलांस छळण्यासाठी शोधून काढले असे कोणी समजू नये. ज्यांस पाण्यातून पोट भरावयाचे होते त्यांनी ते अडीचशे वर्षांपूर्वीच कामास लाविले होते.

आता खाऱ्या पाण्याकडून गोड्याकडे वळू. मालवणच्या समुद्रातील कुरटे बेटावर सन १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम आरंभिले. चहूकडे खारा समुद्र असता किल्ल्यात दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. नावांत दूध, दही, साखर असली तरी "गोडे" याचा अर्थ पाण्यात साखर आहे असा नव्हे, तर त्यात क्षार थोडे आहेत असा आहे. थोडे म्हणजे किती, हे जीभ सांगू शकत नाही. ते एककाने सांगावे लागते.

भारतीय मानक क्रमांक १०५०० याच्या २०१२ सालच्या आवृत्तीप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा पाण्याचा आधारच नसेल तर १,००० मिलिग्रॅमपर्यंत चालावे, अशी मर्यादा आहे. समुद्राच्या एका लिटरात क्लोराइड जवळजवळ २०,००० मिलिग्रॅम असते. किनाऱ्यालगतच्या वाळूत मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. उन्हाळ्यात पंपाने बेसुमार उपसा झाला म्हणजे खालचे खारे पाणी वर चढू लागते. समजा, एखाद्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोराइड आहे. अशा ९९ घागरींत समुद्राची एकच घागर मिसळली तर काय होईल? ९९ घागरींचे पन्नासप्रमाणे ४,९५० व एका घागरीचे २०,००० मिळून २४,९५० झाले. त्यास शंभराने भागिले असता २४९.५ येतात. म्हणजे शंभरांत एक घागर खारी आली की विहीर मर्यादेच्या उंबरठ्यावर उभी राहिली! ज्या गावी पंपांवर पंप बसत आहेत, त्या गावच्या मुलाने हा हिशेब वहीत करून घरी दाखविला, तर ते त्या गावावर मोठे उपकार होतील असे आम्हांस वाटते.

येथे पी.पी.एम. या प्रचलित शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. त्याचा अर्थ दहा लाख भागांत एक भाग. विहिरीच्या पाण्याच्या एका लिटराचे वजन जवळजवळ एक किलोग्रॅम असते, व किलोग्रॅमात दहा लाख मिलिग्रॅम असतात. म्हणून तेथे लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे एक पी.पी.एम. हे समीकरण चालते. परंतु ते पाण्याच्या हलकेपणावर अवलंबून आहे हे विसरून चालणार नाही. समुद्राच्या पाण्यास ते लाविले तर शेकडा अडीचची चूक होते, आणि मिठागराच्या संपृक्त पाण्यास लाविले तर शेकडा वीसची. तसेच घरोघरी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारे लोक खिशातील लहानसे मापक पाण्यात बुडवून काही पी.पी.एम. सांगतात, तेव्हा ते मापक क्षार तोलीत नसून पाण्यातून वीज किती वाहते ते पाहते, आणि आत ठरवून ठेवलेल्या गुणकाने त्याचे क्षारांत रूपांतर करते, हेही पालकांनी जाणून असावे. आकडा ऐकून भिऊ नये व आकडा ऐकून निर्धास्तही होऊ नये. तो कोठून आला ते विचारावे.

ग्रामपंचायतीकडून विहिरीत टी.सी.एल. पावडर घातली जाते, तो विषयही याच प्रकरणातला. ताज्या व चांगल्या पावडरीत उपयोगी क्लोरीन वजनाने शेकडा ३३ च्या सुमारास असते. एक हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम पावडर, असे सर्वसाधारण प्रमाण सांगितले जाते. अडीच ग्रॅमचे शेकडा ३३ म्हणजे सुमारे ८२५ मिलिग्रॅम क्लोरीन. ते हजार लिटरांत पसरले म्हणजे लिटरमागे सुमारे ०.८ मिलिग्रॅम झाले. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते सुमारे २८,३०० लिटर होते व त्यास सुमारे ७१ ग्रॅम पावडर लागते. आता ती पिशवी उघडी राहिली, ओल्या हवेत क्लोरीन उडून गेले व शेकडा ३३ चे २० झाले, तर तेवढ्याच ७१ ग्रॅमांनी लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमच क्लोरीन मिळेल. पावडर तितकीच, विहीर तितकीच, परंतु पावसाळ्यातील अतिसारापासून मिळणारे संरक्षण उणे झाले. आमच्या कोकणच्या दमट हवेत ही शंका नेहमीच मनात बाळगावी लागते.

अतिसाराचा उल्लेख आला म्हणून सर्वांत महत्त्वाच्या द्रावणाकडे येतो. सन १९७१ मध्ये बंगालच्या सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली असता, शिरेतून देण्याचे द्रावण संपत आल्यामुळे डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते रुग्णांस तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली. शेकडा तीसच्या आसपास होणारे मृत्यू शेकडा चारच्याही खाली आले. महालनबीस सन २०२२ मध्ये निवर्तले व पुढील वर्षी त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालापासूनच्या सूत्राप्रमाणे एक लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, मिळून २०.५ ग्रॅम असतात. ग्रॅमांकडे पाहून काही बोध होतो काय? ग्लुकोज मिठाच्या पाचपट आहे, एवढेच दिसते. परंतु हेच आकडे मोलांत मांडून पाहा. ग्लुकोज लिटरमागे ७५ मिलिमोल येते; आणि मीठ व सायट्रेट या दोहोंतील सोडियम एकत्र केले म्हणजे तेही ७५ मिलिमोल येते. ही समानता योगायोगाची नाही. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत जाते तेव्हा सोडियमला सोबत घेऊन जाते, व त्यांच्यामागून पाणी जाते. दुकानदाराचा तराजू ग्रॅम पाहतो. आतडे कण मोजते. म्हणून आतड्याची भाषा समजावयाची तर मोलाचे एकक पाहिजे, आणि पुडी बांधावयाची तर ग्रॅमचे पाहिजे. रूपांतर म्हणजे या दोन भाषांमधील दुभाष्या होय.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे. ही पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. मूल एवढे पाणी पिणार नाही अशा समजुतीने कोणी ती सबंध पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात कालविली, तर औषध तेच राहिले, पण छेद पाचपट लहान झाला. सोडियम ७५ चे ३७५ मिलिमोल झाले. निरोगी मनुष्याच्या रक्तद्रवात ते १४० च्या आसपास असते व समुद्रात सुमारे ४८० असते. म्हणजे जुलाबाने सुकत चाललेल्या बालकास आपण प्रेमाने जे पाजले, ते त्याच्या रक्तापेक्षा समुद्रालाच अधिक जवळचे झाले! असे दाट पाणी आतड्यात गेले म्हणजे शरीरातील पाणी उलट आतड्यात ओढले जाते, आणि जे वाचवावयाचे तेच गमावले जाते. लहान पेल्यासाठी निराळ्या लहान पुड्या मिळतात. म्हणून पुडीवर किती पाणी छापले आहे ते वाचून, तेवढेच मोजून घ्यावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे व मीठ अर्धा सपाट चमचा, हे प्रमाण घरातील प्रत्येकास पाठ असावे. आणि त्यातील "एक लिटर" हे शब्द चमच्यांइतकेच पाठ असावेत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, एवढी एकके ठेवण्यापेक्षा एकच का ठेवू नये? आमचे उत्तर असे की, प्रत्येक एकक निराळ्या माणसाच्या निराळ्या कामास येते. प्रयोगशाळेत द्रव आकारमानाने मोजून ओततात, म्हणून तेथे मोलॅरिटी सोयीची. परंतु उन्हाळ्यात द्रव प्रसरण पावतो, लिटराच्या खुणेवर तो थोडा अधिक चढतो, व मोलॅरिटी किंचित उतरते. वजन मात्र उन्हाने बदलत नाही, म्हणून जेथे तपमान पालटत असते तेथे मोलॅलिटी विश्वासाची. व्यापाऱ्यास शेकडा वजनी प्रमाण पुरते. पाणी तपासणाऱ्यास मिलिग्रॅम लागतात. सर्वांस एकच माप लावण्याचा हट्ट धरिल्यास कोणाचेच काम नीट होणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. आज यंत्रे क्षणार्धात रूपांतर करून देतात, मग मुलांनी हातांनी कशासाठी करावे? यंत्र गुणाकार बिनचूक करते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु आपण दिलेला आकडा पाण्यामागचा की द्रावणामागचा, पुडी एका लिटराची की पेल्याची, हे त्यास आपणच सांगावे लागते. तेथे चूक झाली तर यंत्र ती चूक अधिक वेगाने व अधिक दशांश स्थळांपर्यंत करून देईल.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस एक सूचना आहे. यापुढे संहतीचा आकडा लिहिताना नुसता आकडा किंवा नुसते एकक लिहू नका. "एक लिटर द्रावणात इतके ग्रॅम मीठ", "एक किलोग्रॅम पाण्यात इतके मोल", असे पूर्ण वाक्य लिहा, आणि मग रूपांतर करा. वाक्य पूर्ण असले की पुढची पायरी आपोआप दिसते. वजनाकडून आकारमानाकडे जाताना घनता मागावी लागते, ग्रॅमकडून मोलाकडे जाताना रेणुवस्तुमान मागावे लागते, याखेरीज तेथे दुसरे गुपित नाही. शिक्षकबंधूंसही विनंती की, या प्रकरणाचा आरंभ सूत्रांच्या कोष्टकाने न करिता समुद्राच्या एका बाटलीने करावा. ते पाणी तोलावे, मोजावे, आटवावे, उरलेले क्षार पुन्हा तोलावेत, व एकाच बाटलीची संहती चार रीतींनी लिहवून घ्यावी. सामग्री आपल्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तिला मूल्य पडत नाही.

आणि पालकांनी इतकेच करावे की, घरात आगळ पातळ होत असता, लोणच्याचा खार होत असता किंवा औषधाची पुडी पाण्यात पडत असता, शेजारी उभ्या असलेल्या मुलास विचारावे, "बाळ, हे कशाच्या किती भागात?" उत्तर नीट आले, तर आमचे अर्धे अध्यापन घरीच झाले असे आम्ही समजू.